एका जिल्ह्याला एक वजीफा

आमच्या गावात एक समज पक्का आहे, की मास्तरांचं उर्दू कच्चं. मास्तर म्हणजे मी. निजामाच्या काळातले जमिनीचे जुने कागद उर्दूत आहेत आणि बांधाचा किंवा वाटणीचा घोळ निघाला की लोकांना ते कुणाकडून तरी वाचून घ्यावे लागतात. मग ही माणसं कागद पिशवीत घालतात, माझ्या दारावरून पुढं जातात, एसटी धरतात आणि धाराशिवात एका म्हाताऱ्या मुन्शीला चहा पाजून ते वाचून आणतात. मी ओट्यावर बसलेलाच असतो. "काय मास्तर, बरं हाय का?" एवढं विचारून जातात. त्यांची चूक नाही. मॅट्रिकला उर्दूत मी शाळेत पहिला आलो होतो, हे त्यांना ठाऊक नाही आणि मला ते सांगता येत नाही. का सांगता येत नाही, ते आता लिहून टाकतो. ज्यांची लाज वाटावी अशी माणसं फारशी उरलेली नाहीत.

आमचं गाव येडशीपासून कोसभर. गावातून धाराशिवच्या सरकारी हायस्कुलात पोचलेले आम्ही दोघंच. एक मी आणि एक तो. त्याचे वडील निजामाच्या पोलिसात जवान होते. ते खरोखर जमादार झाले होते की नाही, देव जाणे, पण गाव त्यांना जमादार म्हणायचं आणि त्यांनीही कधी कुणाला अडवलं नाही. नोकरी संपून दोन वर्षं झाली तरी त्यांचं पेन्शन मंजूर झालं नव्हतं. पेन्शनला त्या काळी आमच्याकडं वजीफा म्हणत. आणि कॉलेजात शिकणाऱ्या पोराला सरकार जे देई, त्यालाही वजीफाच म्हणत. म्हाताऱ्याला मिळतो तोही वजीफा, पोराला मिळतो तोही वजीफा. माझी सगळी कथा या एका शब्दात अडकलेली आहे.

माझ्या वडिलांना सगळं गाव अप्पा म्हणायचं. आम्ही लिंगायत वाणी, पण वाणी म्हटल्यावर डोळ्यापुढं येतं तसं दुकान आमचं नव्हतं. एक तट्टू होतं आणि दोन पोती. आज या गावचा बाजार, उद्या त्या गावचा. अप्पा पोतं अंथरायचे आणि मीठ, मिरची, हळकुंडं विकायचे. संध्याकाळी पोतं झटकलं की दुकान बंद.

धाराशिवात आम्ही दोघं एका खोलीत राहायचो, बाजाराच्या दिवशी घरून आलेल्या भाकरी वाटून खायचो. शिक्षण सगळं उर्दूत. घरात मराठी, आजी रागावली की कानडी, आणि शाळेत भूमितीसुद्धा उर्दूत. मला उर्दू फार आवडायचं. खरं सांगायचं तर, आपल्याला उर्दू येतं हे मला फार आवडायचं. तो गणितात माझ्या दोन पावलं पुढं होता, पण उर्दू बोलायला लागला की घाम फुटायचा त्याला. मी त्याच्या चुका काढायचो, नक्कल करायचो, मग शिकवायचो. शिकवताना मला बरं वाटायचं. त्याची गणितं बघितली की ते बरं वाटणं संपायचं.

मॅट्रिकनंतर कॉलेज म्हणजे हैदराबाद. सोलापूर जवळ होतं, पण तो इंग्रजांचा मुलूख, तिथलं शिकणं इंग्रजीत आणि खर्च सगळा पदरचा. हैदराबादला सरकारनं मोठं विद्यापीठ उभारलं होतं. आमचे हेडमास्तर त्याच्या दगडी इमारतींचं वर्णन असं करायचे, की आम्ही भाकरी खायचं विसरायचो. पण तिथं राहायचं कुठं आणि खायचं काय? ज्याला वजीफा मिळाला त्याचं सगळं सुटायचं. फी माफ, वसतिगृहात खोली, दोन वेळचं जेवण आणि पुस्तकंसुद्धा. ज्याला मिळाला नाही त्यानं पोतं अंथरायचं. मधलं काही नव्हतं. आणि हा वजीफा त्या वर्षी आमच्या अख्ख्या जिल्ह्याला एकच होता.

परीक्षेचे निकाल लागले. मी उर्दूत पहिला, तो गणितात पहिला, एकूण गुणांत मी थोडा वर. वजीफ्याच्या मुलाखतीला जिल्ह्यातून सहा मुलं बोलावली, त्यात आम्ही दोघं होतो. महिनाभर मी त्याच्याकडून जवाब घोकून घेतले. असं का केलं, हे मला विचारू नका. तो आपल्या पुढं जाईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं, म्हणून केलं.

मुलाखत तालीम खात्याच्या मोहतमीम साहेबांनी घेतली. म्हणजे जिल्ह्याच्या शाळांचे सगळ्यांत मोठे साहेब. मी आत गेलो आणि असं काही उर्दू झाडलं की साहेबांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. शेवटी त्यांनी विचारलं, वडील काय करतात? बाजारात मीठ-मिरची विकतात, हे मला त्या खुर्चीपुढं उभं राहून सांगवेना. मी म्हणालो, "तिजारत." किती सुरेख शब्द. साहेबांनी तो लिहून घेतला आणि मी सलाम करून बाहेर आलो. माझ्यानंतर तो आत गेला. बाहेर आल्यावर म्हणाला, "वडलांचं इचारलं. म्या म्हणलं नोकरी संपली, वजीफा आला न्हाय, खायचे वांधे हायेत." मी कपाळाला हात लावला. खायचे वांधे असं कुणी साहेबाला सांगतं का? खोलीवर येईपर्यंत मी त्याला हसत होतो.

पंधरा दिवसांनी हेडमास्तरांनी मला एकट्याला बोलावलं. ते हैदराबादकडचे, मनानं फार चांगले. म्हणाले, "मियाँ, तुम तो अपने बाप को सौदागर बना दिये." मला कळेना. मग त्यांनी सांगितलं की साहेबांनी माझ्या नावापुढं शेरा लिहिला आहे : हुशार, पण बाप व्यापारी, ऐपतदार. तिजारत म्हणजे व्यापार. मिठाच्या पोत्याचा मी व्यापार करून टाकला होता. यादीत माझं नाव दुसरं होतं. पहिलं कुणाचं, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. कुणातरी तहसीलदाराचं किंवा वकिलाचं पोरगं असणार असं मी धरून चाललो. त्या न बघितलेल्या पोरावर मी आठवडाभर जळत होतो आणि त्यात एक समाधान होतं, कारण असल्या पोरांवर जळायला कुणी दोष देत नाही.

मग येडशीच्या बाजारचा दिवस आला. अप्पांच्या पोत्यापाशी मी मिरची निवडत बसलो होतो. जमादार आले. हातात सरकारी लिफाफा, टपालवाल्यानं नुकताच दिलेला. जमादारांना उर्दू बोललेलं सगळं कळायचं, वाचता अक्षर यायचं नाही. त्यांचा मुलगा तेव्हा अणदूरला बहिणीकडं गेला होता, तिच्या शेतात काम होतं म्हणून.

"वाच रं लेकरा," जमादार म्हणाले. "सरकारी दिसतंया."

मी लिफाफा फोडला. पहिल्या ओळीत त्याचं नाव होतं, आणि पुढं त्याच्या बापाचं म्हणून जमादारांचं. दुसऱ्या ओळीत वजीफा मंजूर झाल्याचं होतं. तिसऱ्या ओळीत दहा दिवसांनंतरची तारीख होती, त्या तारखेच्या आत हैदराबादला परीक्षेच्या सनदा घेऊन हजर व्हायचं. आणि चौथ्या ओळीत लिहिलं होतं की उमेदवार हजर झाला नाही, तर वजीफा यादीतल्या दुसऱ्या नावाला दिला जाईल.

तहसीलदाराचा पोरगा नाही, वकिलाचा नाही. हा! ज्याला मी शिकवलं तो. खायचे वांधे म्हणणारा. इतका राग मला पुन्हा कधी कुणाचा आला नाही. परक्यावर जळणं सोपं असतं. ज्याच्याबरोबर एका फडक्यातली भाकरी खाल्ली त्याच्यावर जळताना जीव नको होतो.

"काय लिवलंय?" जमादारांनी विचारलं.

मी पहिली ओळ सोडून दिली आणि दुसरी मोठ्यानं वाचली. "वजीफा मंजूर किया जाता है."

जमादारांनी अशी आरोळी ठोकली की तट्टू बिचकलं. "झाला! मंजूर झाला! दोन वर्सं! अप्पा, माजा वजीफा मंजूर झाला!" अप्पा तराजू सोडून उठले आणि त्यांनी जमादारांच्या पाठीवर थाप मारली.

पुढं बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं आणि म्हाताऱ्यानं बोलूच दिलं नाही. हे खोटं आहे. त्यांनी मला सरळ विचारलं होतं, "आनि काय म्हनत्यात?" मी म्हणालो, "कागद घेऊन कचेरीत या म्हणतात." "कवा?" मी म्हणालो, "सवडीनं. ऊन लई हाय, एवढी घाई करू नका." वर आणखी माया दाखवली, हे बघा.

त्यानंतरचे दिवस मी मजेत काढले. मला भूक चांगली लागत होती. आई म्हणायची, औंदा पोराच्या अंगाला लागतंय. जमादारांनी गावभर गूळ वाटला, आमच्याही घरी आणला आणि मी तो खाल्ला. त्यांनी ट्रंकेतला जुना साफा काढून धुतला, पारावर वाळत घातला. पेन्शन घ्यायला खजिन्याच्या कचेरीत जायचं तर साफा पाहिजे म्हणायचे. रोज मी मनात एक दिवस खोडत होतो. अप्पा एकदा म्हणाले, "तुझं न्हाय झालं, त्यांचं तरी झालं, बरं झालं." मला अप्पांचाही राग आला. दुसऱ्याच्या भल्यात यांना एवढं काय वाटतं? बाजारात पोतं अंथरायचा बसकर द्यायचे अप्पा, शेतसारा भरायचे गावातले सगळे, आणि त्यातून हैदराबादला त्या दगडी इमारती उठल्या. मग आमच्या वाट्याला एकच जागा का? असा विचार तेव्हा एकदाच डोक्यात चाटून गेला, पण तो मी धरून ठेवला नाही. मला सरकारवर रागवायचं नव्हतं. मला त्याच्यावर रागवायचं होतं, ते जास्त जवळचं होतं.

पाचव्या दिवशी जमादार साफा बांधून धाराशिवला गेले. परत आले ते थेट सातव्या दिवशी, पुन्हा येडशीच्या बाजारात. बरोबर मुलगा, मुलाच्या डोक्यावर पत्र्याची ट्रंक. त्यांना बघितलं आणि मिरचीत घातलेला माझा हात तिथंच राहिला.

जमादार हसत होते. माणसं गोळा करून सांगत होते. "म्या खजिन्यात छाती काडून हुबा. कारकुनानं पत्र वाचलं, मला वर खाली बगितलं. म्हनला, जमादार, वय काय तुमचं? म्हनलं साठ. म्हनला, ह्या वयात कालेजात जाता व्हय?" बाजार खदखदून हसला. "मग म्हनला, बाबा, हा तुजा वजीफा न्हाय, तुज्या पोराचा हाय, आनि दीस थोडं ऱ्हायल्यात. तसाच मोटारीत बसलो, नळदुर्गात उतरलो, तिथनं चालत अणदूर. पोराला शेतातनं उचललं."

मग ते आमच्या पोत्यापाशी आले. मला वाटलं, आता भर बाजारात पायताण बसणार. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. अप्पांना म्हणाले, "अप्पा, लेकराला रागावू नगा. उर्दू लई अवघड. त्याला जमलं न्हाय वाचाया. म्हनूनच त्याला वजीफा मिळाला नसंल, बिचाऱ्याला." आणि मुलाकडं वळून म्हणाले, "व्हय रं, ह्याचं उर्दू कच्चं हाय का?"

त्याच्या हातात ते पत्र होतं. सावकाश का होईना, त्याला उर्दू वाचता यायचं, मीच शिकवलं होतं. चौथी ओळ त्यानं वाचली असणारच. त्यानं माझ्याकडं बघितलं. बाजारातले निम्मे लोक माझ्याकडं बघत होते.

"व्हय आबा," तो म्हणाला. "कच्चंच हाय. पैल्यापास्नं."

असं माझं नाव पडलं. लोकांनी मान डोलावली आणि ती गोष्ट गावात कायमची ठरली. अप्पांनी मात्र मान डोलावली नाही. निकालाच्या दिवशी, पोरगा उर्दूत पहिला आला म्हणून, त्यांनी याच बाजारात गिऱ्हाइकांना चिमूट चिमूट साखर दिली होती. त्या पत्राचं त्यांनी मला मरेपर्यंत विचारलं नाही. त्या दिवशी एवढंच म्हणाले, "ट्रंक घे त्याची. टेसनापतूर जा."

मी ट्रंक डोक्यावर घेतली. जमादार पुढं, आम्ही दोघं मागं. छोटी गाडी यायला वेळ होता. इथून कुर्डुवाडी, तिथून मोठ्या गाडीनं हैदराबाद. जमादार तिकिटाच्या खिडकीशी गेले आणि आम्ही फलाटावर उभे राहिलो. काहीतरी बोलायलाच हवं होतं म्हणून मी म्हणालो, "गड्या, माझं चुकलं..."

"दुसरं नाव तुझंच व्हय?" त्यानं विचारलं.

"व्हय."

त्यानं मान हलवली. रागावला असता तर बरं झालं असतं, मलाही उलटून काही बोलता आलं असतं. तो गणित सोडवताना करायचा तसा चेहरा करून उभा होता.

"मग पत्र घिऊन अणदूरला का न्हाय आलास?"

"येऊन काय केलं असतं?"

"दोघंबी गेलो असतो हैदराबादला. इचारलं असतं."

"काय इचारलं असतं?"

"येकच का म्हनून. दोन द्या म्हनून."

मी हसलो. "आन् त्यांनी दिला असता?"

"न्हाय तर न्हाय," तो म्हणाला. "इचारलं तर असतं."

गाडी आली, जमादार तिकीट घेऊन आले. त्यानं ट्रंक माझ्याकडून घेतली, वर चढला, खिडकीतून वाकून जमादारांना नमस्कार केला. गाडी हलली तेव्हा त्यानं मलाही हात केला. मी केला नाही.

तो पुढं इंजिनिअर झाला. निजामशाही गेली, तो पाटबंधाऱ्याच्या नोकरीत लागला आणि ईट गावाच्या बाजूला त्यानं एक तलाव बांधला. मी एकदा मुद्दाम बघायला गेलो. पाण्याकाठी उसाचे फड होते, बायका धुणं धूत होत्या. सरकारनं चार वर्षं एका पोराला जेवू घातलं, त्याचं हे झालं. मी तिथं तासभर बसलो आणि तासभर जळत होतो, हेही लिहून ठेवतो. मी शाळेवर मास्तर झालो, मराठीच्या. पुढच्या काळात माझ्या वर्गातली पोरं सवलतीचे फॉर्म घेऊन यायची, फी माफ म्हणून कॉलेजात जायची. मी सह्या करायचो, पाठ थोपटायचो आणि ती दाराबाहेर गेली की माझ्या मनात कडू व्हायचं.

पण त्याच्या इंजिनिअर होण्याचा हेवा आता निवला आहे. तलावाचाही निवला. राहिला तो फलाटावरच्या त्या बोलण्याचा. तो की मी, एवढंच मी सात दिवस मोजत बसलो होतो. दोन मागावेत, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. ते त्याच्या डोक्यात आलं, आणि तेही उभ्या उभ्या, गाडीची वाट बघताना. मागायचं म्हणजे अर्ज करावा लागला असता, हैदराबादच्या साहेबांना पटेल असा, नेमक्या शब्दांतला, उर्दूत. आणि तो अर्ज आम्हा दोघांत फक्त मलाच लिहिता आला असता.